कंपनीनिष्ठा आणि पंथनिष्ठा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे नोकरी आणि निष्ठा या एकाच विषयाभोवतीची आहेत. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यातील एका नव्या तंत्रज्ञान कंपनीत आहे. सुरुवातीला त्याचा उत्साह पाहून आम्हा दोघांना समाधान वाटले. आता मात्र त्याच्या प्रत्येक वाक्यात संस्थापकांचे नाव असते. कंपनीला तो ‘फॅमिली’ म्हणतो आणि जे मित्र नोकरी सोडून गेले त्यांची ‘लायकीच नव्हती’ असे सांगतो. शिबिर होते म्हणून चुलतबहिणीच्या लग्नालाही तो आला नाही. पगाराचा बराच भाग शेअर्सच्या रूपात आहे आणि उरलेली बचतही तो त्यातच घालण्याच्या विचारात आहे. एखाद्या बाबाच्या नादी लागावे तसे हे आहे, की मीच उगाच घाबरते आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : तुमची काळजी निराधार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टींचे वजन सारखे नाही.

माणसाला पूर्णपणे कह्यात घेणाऱ्या बंदिस्त गटांचा, म्हणजे येथे ज्यांना ‘पंथ’ (इंग्रजीत ‘कल्ट’) म्हटले आहे त्यांचा, अभ्यास मुळात कंपन्यांवरून सुरू झाला नाही. चीनमधील सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी हाँगकाँगमध्ये घेतल्या आणि माणसाचा विवेक ताब्यात घेणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणे १९६१ मध्ये मांडली. बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क आटवणे, सर्वांसमोर चुकांची कबुली द्यायला लावणे, विचार जागीच थांबवणारी ठरावीक शब्दांची भाषा, आणि आपल्यात नसलेल्या माणसाला काही किंमतच नाही अशी धारणा, ही त्यांपैकी काही होत. त्याच सुमारास एडगर शाइन हे कोरियन युद्धातून परतलेल्या अमेरिकन कैद्यांचा अभ्यास करत होते. हेच शाइन पुढे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात राहून कंपन्यांच्या अंतर्गत संस्कृतीचे नामवंत अभ्यासक झाले, आणि माझ्या मते यात नवल काही नाही. कैद्याचे मन वळवणे आणि नव्या अधिकाऱ्याला कंपनीच्या साच्यात बसवणे यांची यंत्रणा बरीचशी सारखीच असते, हे त्यांनी त्याच काळात लिहिले होते. ही यंत्रणा पूर्ण जोराने चालण्यासाठी माणसाला तेथून उठून जाणे अवघड असावे लागते, ही त्यांची अट मात्र अनेकजण विसरतात.

या अटीवर तुमच्या मुलाचे वागणे घासून पाहा. संस्थापकांचे सारखे नाव घेणे हा वयाचा भाग असू शकतो. पंचविशीतल्या मुलाला कोणीतरी आदर्श लागतो आणि तो नेहमी आईवडिलांच्या पसंतीचा नसतो. ‘फॅमिली’ हा शब्द तर आता नोकरीच्या जाहिरातीतही असतो, तेव्हा तो सोडून देऊ. लग्नाला न येणे दुखावणारे आहे, पण एकदाच घडले असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. सोडून गेलेल्यांविषयी तो जे बोलतो ते मात्र मला गंभीर वाटते, कारण उद्या स्वतःला बाहेर पडावेसे वाटले तर तेच शब्द त्याला स्वतःविषयी वापरावे लागतील.

त्याहून गंभीर गोष्ट पैशाची आहे. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे ठाऊक आहे. त्या कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे काय झाले याची चर्चा आपल्याकडे कमी झाली. हुशारातले हुशार आम्ही निवडतो, असे तेथे सतत बिंबवले जाई, आणि ठरावीक काळाने सर्वांची क्रमवारी लावून तळाच्या सुमारे १५ टक्क्यांना बाहेरची वाट दाखवली जाई. जो टिकला तो स्वतःला निवडलेला समजे आणि प्रश्न विचारणारा कच्चा ठरे. ब्रिटनमधील अभ्यासक डेनिस टूरिश यांनी एका सहलेखकासोबत २००५ मध्ये एन्रॉनची पंथांच्या लक्षणांशी सविस्तर तुलना केली, ती याच कारणांमुळे. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला शेअर वर्षभर घसरत राहिला, तरी सप्टेंबर २००१ च्या अखेरीस अध्यक्ष केनेथ ले कर्मचाऱ्यांना सांगत होते की हा शेअर आज अतिशय स्वस्तात मिळतो आहे. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतील निम्म्याहून अधिक रक्कम याच शेअरमध्ये होती. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली.

म्हणून मुलाला ‘तुझी कंपनी पंथ आहे’ असे सांगू नका. तो तिची बाजू घेईल आणि तुमच्यापासून आणखी दूर जाईल. शेअर्सचा व्यवहार समजावून घ्यायचा आहे, असे म्हणून त्याच्याजवळ बसा. हे शेअर्स बाजारात विकता येतात का, ते विकत घेण्याचा नुसता हक्कच मिळाला असेल तर नोकरी सोडल्यावर किती दिवसांत ते घ्यावे लागतात, त्यासाठी स्वतःचे पैसे आणि कर किती भरावा लागतो, न घेतल्यास ते बुडतात का, हे प्रश्न त्याला विचारा. याची उत्तरे त्याला तोंडपाठ असतील, तर तुमची अर्धी काळजी कमी करायला हरकत नाही. बचत मात्र दुसरीकडे ठेवावी, याबाबत तुम्ही आग्रही राहा.

प्रश्न : कंपनीची पंथाशी तुलना मला मुळातच चुकीची वाटते. पंथ माणसाला सोडत नाही; कंपनी एका दुपारी ईमेल पाठवून काढून टाकते. मग साम्य कुठे राहिले?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

उत्तर : तुमचा आक्षेप बिनतोड आहे, आणि अशी तुलना करणारे लेखक त्याला सहसा बगल देतात. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, पदे कमी करण्याचे जाहीर केले. कोणताही पंथ आपल्या अनुयायांबाबत असा हिशेब मांडत नाही. कंपनीला तुमचे काम हवे असते आणि ते नको झाले की तुम्हीही नको होता. साम्य शोधायचेच तर ते या एकतर्फीपणात आहे: एका बाजूला करार असतो आणि दुसऱ्या बाजूकडून भक्तीची अपेक्षा केली जाते. शिवाय कायदा येथे काही प्रमाणात नोकरदाराच्या बाजूने आहे. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नये, अशी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याचे बंधपत्र ही निराळी बाब आहे. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सार्वजनिक बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात वैध ठरवली. तेव्हा बाहेर पडण्याची किंमत असते, पण ती कागदावर लिहिलेली असते आणि न्यायालयात तपासता येते. न लिहिलेल्या किमतीबद्दल पुढच्या पत्रांत येईलच.

प्रश्न : ठाण्यातील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी अधिकारी आहे. सोमवारची सभा, कंपनीच्या मूल्यांची शपथ, एका रंगाचे टी-शर्ट आणि ‘माझी चूक, माझी शिकवण’ हे महिन्यातून एकदा होणारे सत्र, हे सारे माझ्याकडे असते. ‘झाला का तुमचा सत्संग?’ असे यजमान चेष्टेने विचारतात. मी हसते, पण नंतर ते मनात राहते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शपथ आणि टी-शर्ट यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. थॉमस वॉटसन यांच्या काळात, १९३० च्या दशकात, आयबीएमचे कर्मचारी छापील गीतपुस्तकातून कंपनीची आणि खुद्द वॉटसन यांच्या स्तुतीची गाणी म्हणत. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी १९७५ मध्ये दक्षिण कोरियातील एका टेनिसचेंडूंच्या कारखान्यात कामगारांना घोषणा देताना पाहिले आणि तीच प्रथा आपल्या दुकानांत सुरू केली. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटते. आतल्या बहुतेकांनाही थोडेसे वाटतच असते, पण ते घोषणा देतात आणि कामाला लागतात. मनातल्या मनात हसण्याची मुभा असलेला विधी सहसा निरुपद्रवी असतो. आयबीएमच्या गाण्यांपेक्षा मला अधिक खटकते ती व्यवस्थापनाच्या काही लेखकांनी केलेली भलामण. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकन पुस्तकात ‘पंथासारखी संस्कृती’ हे दीर्घकाळ यशस्वी ठरणाऱ्या कंपन्यांचे एक लक्षण म्हणून, जवळजवळ शिफारस केल्याच्या सुरात, मांडले आहे.

विधी कधी घातक होतो, याचे उदाहरण जपानमधील देंत्सु या बलाढ्य जाहिरात कंपनीत सापडते. तिच्या अध्यक्षांनी १९५१ मध्ये लिहिलेले दहा नियम पुढे कर्मचाऱ्यांच्या दैनंदिनीत छापले जात. हाती घेतलेले काम प्राण गेला तरी सोडू नका, अशा आशयाचा नियम त्यात होता. अनेकांनी ते एक जोशपूर्ण वचन म्हणूनच वाचले असेल. डिसेंबर २०१५ मध्ये अतिश्रमांनी खचलेल्या २४ वर्षांच्या एका नवोदित कर्मचारी तरुणीने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी सरकारी यंत्रणेने तो कामाच्या ताणामुळे झालेला मृत्यू असल्याचे मान्य केले, आणि २०१७ च्या दैनंदिनीतून ते नियम वगळण्यात आले. नियम छापलेले होते म्हणून ती गेली, असे कोणी म्हणणार नाही. पण रात्री दहा वाजता ‘मला आता घरी जायचे आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाला त्या दैनंदिनीत एकही शब्द आधाराचा नव्हता.

तुमच्या कामांपैकी मला थांबून पाहावेसे वाटते ते ‘माझी चूक, माझी शिकवण’ हे सत्र. सर्वांसमोर कबुली देणे हे लिफ्टन यांच्या आठ लक्षणांपैकी एक आहे, हे वर आलेच. तेथे सांगितलेली चूक वर्षअखेरीच्या मूल्यमापनात कोठे ना कोठे उमटते का? वरिष्ठ अधिकारी स्वतःच्या खऱ्या चुका सांगतात, की ‘मी फार मेहनत घेतो’ या छापाच्या? न बोलणाऱ्याकडे कसे पाहिले जाते? याची उत्तरे अडचणीची निघाली, तर ते सत्र ऐच्छिक करा किंवा बंद करा. तेवढा अधिकार तुमच्या पदाला बहुधा असेल.

आणखी एक बाब. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीवर कंपनीबाहेरची एक व्यक्ती असणे बंधनकारक केले आहे. बंदिस्त गटाला सर्वांत नकोशी असते ती अशीच, आतली भाषा न बोलणारी आणि पगाराने न बांधलेली व्यक्ती. तुमच्याकडे ही व्यक्ती केवळ सही करण्यापुरती येते, की तिचे म्हणणे ऐकले जाते, यावरून तुम्हाला तुमच्या कंपनीविषयी यजमानांच्या चेष्टेपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : माझे वडील तालुक्याच्या गावी एका वित्तसमूहाचे एजंट होते. दुकानादुकानांतून रोजची रक्कम गोळा करत. समूह अडचणीत आला तेव्हा लोक आमच्या दारात आले. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून काहींचे पैसे फेडले. तरीही समूहाच्या प्रमुखांविषयी वावगा शब्द ते आजही ऐकून घेत नाहीत. हिशेबाला इतका पक्का माणूस असा का वागतो?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : समूहाचे नाव तुम्ही लिहिलेले नाही आणि मी ते ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही. पण असे प्रकरण सार्वजनिक कागदपत्रांत तपशिलाने पाहायचे असेल तर सहारा समूहाचा इतिहास पाहावा.

सुब्रत रॉय यांनी १९७८ मध्ये गोरखपूरला अल्पबचतीचा व्यवसाय सुरू केला. पुढे भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावर सहाराचे नाव झळकले, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅली उभी राहिली, आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स हा संघ आला. समूहाचे नाव ‘सहारा इंडिया परिवार’, कर्मचारी ‘कर्तव्ययोगी’, रॉय स्वतः ‘सहाराश्री’ आणि पदनाम ‘मॅनेजिंग वर्कर’. छातीवर हात ठेवून ‘सहारा प्रणाम’ करण्याची पद्धत होती, आणि आपल्याकडे कामगार संघटना नाही याचा समूहाला अभिमान होता. कुटुंबात संघटना कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाच्या दोन कंपन्यांना सुमारे ३ कोटी गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. बहुतेकांचे पैसे आपण आधीच परत केले आहेत, असे सहाराचे म्हणणे होते आणि त्याच्या पुराव्यादाखल कागदपत्रांनी भरलेले १२७ ट्रक मुंबईत सेबीकडे पाठवण्यात आले.

हे सर्व सुरू असताना, ६ मे २०१३ रोजी, लखनौमध्ये १,२१,६५३ लोकांनी एकत्र राष्ट्रगीत म्हणून सहाराच्या नावे विश्वविक्रम केला. न्यायालयाने पैसे मागितले असताना समूहाने देशभक्तीचा सोहळा उभा केला, आणि त्यात उभे राहणाऱ्या हजारो साध्या माणसांना ते मनापासून योग्यही वाटले असणार. मार्च २०१४ मध्ये रॉय यांची तिहार तुरुंगात रवानगी झाली. त्यांच्या सुटकेसाठी लागणारी रक्कम उभी करण्याकरिता कर्मचाऱ्यांनी १, २ किंवा ३ लाख रुपये, जमेल तसे द्यावेत, असे आवाहन करणारे पत्र समूहातून गेल्याच्या बातम्या एप्रिलमध्ये आल्या. पगार देणाराच पगारदारापुढे हात पसरतो आणि त्याला ते कुटुंबाचे कर्तव्य वाटावे अशी अपेक्षा धरतो, या टप्प्यावर नोकरी आणि दीक्षा यांत फरक करणे मला तरी कठीण जाते. रॉय यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले. त्याआधी जुलैमध्ये, सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने परतावा पोर्टल सुरू केले होते; सुरुवातीला प्रत्येकी १० हजार रुपयांपर्यंतच रक्कम मिळत होती.

आता तुमच्या वडिलांविषयी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये शिकागोजवळच्या एका छोट्या गटात आपले सहकारी मिसळवले होते. २१ डिसेंबरला महापूर येईल आणि आपल्याला अंतराळयान वाचवील, अशी त्या गटाची श्रद्धा होती. पूर आला नाही. ज्यांनी नोकरी, पैसा, नातीगोती पणाला लावली होती आणि जे त्या रात्री इतरांसोबत होते त्यांची श्रद्धा ढळली नाही. उलट ते तिचा प्रचार करू लागले. जे घरी एकटे होते ते हळूहळू बाजूला झाले. म्हणजे पणाला लागलेली किंमत जितकी मोठी तितकी माघार अवघड, आणि हिशेबाला पक्का माणूस याला अपवाद नसतो. किंबहुना त्याला तो हिशेब इतरांहून स्पष्ट दिसतो. वडिलांनी शेजाऱ्यांना समूहाची हमी दिली नव्हती, स्वतःच्या शब्दाची दिली होती. प्रमुख लबाड होता असे मान्य करायचे, तर आपण वीस घरांत जाऊन नेमके काय केले, हा प्रश्न पुढे येतो. जमीन विकून पैसे फेडणाऱ्या माणसाला तो प्रश्न कळलेला नाही, असे तुम्हाला खरोखर वाटते का?

त्यांच्याकडून प्रमुखांची निंदा वदवून घेण्याचा प्रयत्न सोडून द्या. ठेवीदारांचे अर्ज भरणे बाकी असतील तर त्या कामात त्यांना सोबत घ्या. जुन्या पावत्या, खातेक्रमांक, कोणाचे किती राहिले हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसेल. समूहावर टीका न करताही त्यांना शेजाऱ्यांच्या बाजूला उभे राहता येईल.

प्रश्न : पिंपरीच्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. आमच्या दिवाणखान्यात मालकांचा फोटो आहे. नातू म्हणतो, ‘आजोबा, तुमचं ब्रेनवॉशिंग झालं होतं.’ आम्ही एकदा मोठा संपही केला होता, पण मालकांविषयीचा आदर गेला नाही. नातवाचे खरे मानायचे का?
— एक निवृत्त कामगार, चिंचवड

उत्तर : जमशेदपूरला दरवर्षी ३ मार्चला जमशेटजी टाटांचा जन्मदिन सणासारखा साजरा होतो; फुले, रोषणाई, सारे काही असते. तेथील पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ पासून आहे, कायद्याने तो येण्याच्या कितीतरी आधी. त्याच गावात १९२० मध्ये कामगार संघटना स्थापन झाली आणि १९२८ मध्ये संप व टाळेबंदीचा दीर्घ संघर्ष झाला, ज्यात तडजोड घडवण्यासाठी सुभाषचंद्र बोस पुढे आले आणि संघटनेचे अध्यक्षही झाले. पुतळ्याला हार घालणारे आणि फाटकावर घोषणा देणारे कामगार वेगळे नव्हते. सहाराच्या ‘परिवारा’त नेमकी याच गोष्टीला जागा नव्हती.

तुमच्या पत्रात संपाचा उल्लेख एका ओळीत आला आहे आणि फोटोवर पानभर मजकूर आहे. नातवाशी बोलतानाही बहुधा असेच होत असावे. तुमच्या मागण्या कोणत्या होत्या, त्यांतील कोणत्या मान्य झाल्या, आणि परत कामावर गेल्यावर मालक तुमच्याशी कसे वागले, एवढे त्याला सविस्तर सांगा.